अमेरिकन फुटबॉलमध्ये एकच तारीख निवडायची तर मी २८ डिसेंबर का निवडतो

प्रश्न असा आहे की अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातली एकच तारीख निवडायची झाली तर कोणती, आणि त्या तारखेला असं काय काय घडलंय. बरेच जण लगेच २३ डिसेंबर म्हणतील, कारण १९७२ साली त्या दिवशी पिट्सबर्गमध्ये फ्रँको हॅरिसने तो कोणाच्या तरी अंगाला लागून उडालेला बॉल जमिनीला टेकायच्या आत उचलला आणि पळत सुटला. मोठाच क्षण आहे तो, वाद नाही. पण मला विचाराल तर उत्तर २८ डिसेंबर. आणि का ते नीट सांगतो, कारण मी इकडे न्यू जर्सीत बरीच वर्षं हायस्कूल फुटबॉलला ऑफिशियल, म्हणजे पंच, म्हणून उभा राहतोय, बहुतेक वेळा साइडलाइनवर, आणि ही तारीख त्या जागेवरून बघितली की वेगळीच दिसते. टीव्हीवर लोक क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, बघतात. मी बघतो की बॉल कुठे ठेवला, पाय कुठे पडला, फ्लॅग, म्हणजे फाउल दाखवायला ऑफिशियल टाकतो तो रुमाल, का पडला किंवा का नाही पडला. २८ डिसेंबरचे जवळपास सगळे गाजलेले सामने याच तीन गोष्टींवर फिरलेत.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात: हल्ला करणाऱ्या टीमला चार प्रयत्न मिळतात, प्रत्येकाला डाउन म्हणतात, आणि त्या चारात दहा यार्ड पुढे गेलं की परत नवे चार. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर चौथ्याला बहुतेक टीम बॉल लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकतात, तो पंट. बॉल समोरच्याच्या गोल लाइनपलीकडे, म्हणजे एंड झोनमध्ये, नेला की टचडाउन, सहा पॉइंट; लाथ मारून गोलपोस्टच्या खांबांमधून घातला की फील्ड गोल, तीन. बास, बाकीचं ओघात कळेल.

आधी एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. १९४७, १९५२ आणि १९५८ या तिन्ही वर्षी एनएफएलची, म्हणजे इथल्या मुख्य व्यावसायिक लीगची, फायनल २८ डिसेंबरलाच झाली, आणि तिन्ही वेळेला कारण एकच होतं. त्या काळी १२ सामन्यांचा सीझन असायचा, डिसेंबरच्या मध्याला संपायचा, आणि एखाद्या गटात दोन टीम बरोबरीत राहिल्या तर त्यांच्यात एक जादा सामना खेळवायचे. या तिन्ही वर्षी तो जादा सामना २१ डिसेंबरला झाला आणि फायनल एक आठवडा पुढे ढकलली गेली. म्हणजे गटात कोणीतरी बरोबरीत राहिलं नसतं तर ही तारीख इतिहासात आलीच नसती.

आता मुख्य सामना. २८ डिसेंबर १९५८, न्यू यॉर्कमधलं यांकी स्टेडियम, न्यू यॉर्क जायंट्स विरुद्ध बाल्टिमोर कोल्ट्स. मैदानात ६४,१८५ लोक आणि टीव्हीवर साधारण साडेचार कोटी. गंमत अशी की खुद्द न्यू यॉर्क शहरात तो टीव्हीवर दाखवलाच नाही कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे घरच्या गावात प्रक्षेपण बंद ठेवायचे, म्हणजे लोकांनी तिकीट काढून यावं म्हणून. जायंट्सकडे अटॅक बघायला विन्स लोम्बार्डी आणि डिफेन्स बघायला टॉम लँड्री, हे दोघं नुसते असिस्टंट कोच, पुढे दोघंही या खेळातले सगळ्यात मोठे कोच झाले, विचार करा एका टीमच्या बाकावर हे दोघं.

या सामन्याला लोक आजवरचा सर्वश्रेष्ठ सामना म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे. खेळ म्हणून तो काही फार स्वच्छ नव्हता, हातातून बॉल सुटण्याचे प्रकार भरपूर झाले, जायंट्सच्या एकट्या फ्रँक गिफर्डने दुसऱ्या क्वार्टरमध्ये दोनदा बॉल घालवला आणि दोन्हीतून कोल्ट्सचे टचडाउन निघाले. हाफटाइमला कोल्ट्स १४-३ ने पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोल्ट्स गोल लाइनच्या अगदी तोंडाशी आले होते, तिथे टचडाउन झाला असता तर सामना तिथेच संपला असता आणि आज आपण त्याचं नावही घेतलं नसतं. पण जायंट्सच्या डिफेन्सने चारही डाउन अडवले. मग जायंट्सची ती विचित्र खेळी: चार्ली कॉनर्लीचा लांब पास काइल रोटने पकडला, पळताना त्याच्या हातून सुटला, मागून येणाऱ्या अॅलेक्स वेबस्टरने उचलला आणि एक यार्डाच्या लाइनपर्यंत नेला, एकूण ८६ यार्ड. तिथून टचडाउन, मग चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला गिफर्डचा अजून एक, आणि जायंट्स १७-१४ ने पुढे.

आता ती जागा येते जिच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो.

शेवटची थोडी मिनिटं राहिलेली, जायंट्सचा बॉल स्वतःच्या ४० यार्डाच्या लाइनवर (म्हणजे आपल्या गोल लाइनपासून ४० यार्डांवर), तिसरा डाउन, चार यार्ड हवेत. ते चार यार्ड मिळाले की वेळ काढून सामना जिंकलाच समजा. गिफर्ड बॉल घेऊन उजवीकडे पळाला, कोल्ट्सचा जिनो मार्चेटी त्याला भिडला, आणि त्याच ढिगाऱ्यात त्यांचाच बिग डॅडी लिप्सकॉम्ब वरून येऊन पडला. मार्चेटीचा पाय मोडला. तो ओरडतोय, ढिगारा उपसायला वेळ लागतोय, आणि या सगळ्यात बॉल नक्की कुठे ठेवायचा हे ऑफिशियलने ठरवायचं. दहा यार्डांची चेन आणून मोजलं तर काही इंच कमी. गिफर्ड पुढे आयुष्यभर म्हणत राहिला की मी फर्स्ट डाउन मिळवलं होतं, गोंधळात बॉल मागे ठेवला गेला.

हे काम मी स्वतः करतो म्हणून सांगतो. बॉल जिथे शेवटी पडलेला दिसतो तिथे ठेवायचा नसतो, तर बॉल घेऊन पळणाऱ्याला पुढे जाण्यापासून जिथे अडवलं त्या क्षणी बॉल जिथे होता तिथे ठेवायचा असतो. त्यानंतर त्याला दोन यार्ड मागे ढकललं तरी फरक नाही. म्हणून साइडलाइनवरच्या ऑफिशियलला तो क्षण डोळ्यात पकडावा लागतो, मग त्या रेषेत सरळ आत चालत यायचं, नजर जागेवरून हलवायची नाही, कोण ओरडतंय, कोण पडलंय याकडे बघायचं नाही. तुमच्या पायाजवळ एक माणूस मोडलेल्या पायाने ओरडत असताना हे करणं म्हणजे काय असतं ते मी कल्पना करू शकतो, आणि मला तिथल्या ऑफिशियल्सबद्दल मनापासून आदर आहे. तेव्हा मैदानावर ऑफिशियलही पाचच असायचे, आज सात असतात, आणि रिप्ले वगैरे काही नाही. सामन्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा २००८ मध्ये ईएसपीएन या खेळांच्या चॅनेलने जुन्या फिल्मवरून त्या जागेची तांत्रिक तपासणी करून घेतली आणि निष्कर्ष असा निघाला की गिफर्ड कमीच पडला होता. मला व्यक्तिशः ते पटतं, पण जायंट्सच्या जुन्या चाहत्यांना अजिबात पटत नाही आणि पटणारही नाही.

चौथ्या डाउनला काही इंचच हवे होते तरी जायंट्सचा कोच जिम ली हॉवेलने पंटच केला. आजच्या काळात एखादा कोच असं करेल असं वाटत नाही, पण तेव्हा सगळे हेच करायचे, आणि पंट उत्तमच बसला, कोल्ट्सना बॉल मिळाला स्वतःच्या १४ यार्डावर, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ. इथून कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटसने जे केलं त्यातून आजचा दोन मिनिटांचा खेळ जन्मला असं मी मानतो. आधी लेनी मूरला एक ११ यार्डांचा पास, आणि मग सलग तीन पास रेमंड बेरीला: २५, १५ आणि २२ यार्ड. सगळ्या जगाला माहीत होतं की बॉल बेरीकडे जाणार आणि तरी कोणाला अडवता आला नाही. बेरी त्या दिवशी १२ पास आणि १७८ यार्ड करून गेला. या दोघांनी प्रॅक्टिस संपल्यावर तासन् तास थांबून प्रत्येक पासची वेळ पक्की केलेली होती, डोळे मिटूनही जमावं इतकी. १३ यार्डावरून स्टीव्ह मायराने २० यार्डांचा फील्ड गोल मारला (तेव्हा गोलपोस्ट गोल लाइनवरच असायचे, १९७४ ला ते मागे नेले) आणि ७ सेकंद राहिलेले असताना १७-१७.

मग ओव्हरटाइम. खेळाडूंनाच धड माहीत नव्हतं पुढे काय, काही जण समजले होते की बरोबरी झाली, संपलं. एनएफएलच्या फायनलमध्ये सडन डेथची ही पहिलीच वेळ, जो आधी पॉइंट करेल तो जिंकला. जायंट्सना बॉल आधी मिळाला, काही जमलं नाही, पंट. आणि कोल्ट्स ८० यार्ड, १३ खेळ्या, सरळ चालत गेले. मध्येच टीव्हीची केबल निघाली आणि देशभर स्क्रीन काळी झाली, त्याच वेळी एक माणूस मैदानात पळत घुसला, त्याला पकडेपर्यंत खेळ थांबला आणि तेवढ्यात केबल जोडली गेली. असं सांगतात की तो एनबीसीचाच, म्हणजे सामना दाखवणाऱ्या चॅनेलचाच, माणूस होता. शेवटी अॅलन अमीचीने एक यार्डावरून डोकं खाली घालून टचडाउन केला, ओव्हरटाइमची ८ मिनिटं १५ सेकंद झाली होती, २३-१७. त्याच्या आधीच्याच खेळीत युनायटसने फील्ड गोल सहज मारता येईल इतक्या जवळ असताना जिम मचेलरला पास टाकला होता, तो समोरच्याच्या हातात गेला असता तर सगळं गेलं असतं, पण त्या माणसाला असली भीतीच नव्हती.

मार्चेटीचं काय झालं? त्याला स्ट्रेचरवर घालून आत नेत होते तर तो म्हणाला मला साइडलाइनलाच ठेवा, मला बघायचंय. तिथेच पडून बघत राहिला, ओव्हरटाइममध्ये गर्दी आवरेना म्हणून शेवटी त्याला आत नेलं.

या सामन्याचं खरं महत्त्व नंतर कळतं. टेक्सासचा तरुण श्रीमंत लमार हंट हा सामना टीव्हीवर बघत होता आणि त्याचं पक्कं झालं की पैसा बेसबॉलमध्ये नाही, इकडे घालायचा. एनएफएलने त्याला टीम दिली नाही म्हणून त्याने स्वतःची लीगच काढली, एएफएल, १९६० पासून. त्या दोन लीगच्या भांडणातून आणि मग एकत्र येण्यातून सुपर बोल, म्हणजे आजची फायनल, आला. म्हणून मी म्हणतो की या खेळाचा आजचा सगळा डोलारा त्या एका संध्याकाळवर उभा आहे.

आता १९७५. परत रविवार, २८ डिसेंबर. मिनेसोटातलं ब्लूमिंग्टन, मेट्रोपॉलिटन स्टेडियम, मिनेसोटा व्हायकिंग्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. व्हायकिंग्स त्या सीझनला १२ जिंकून २ हरलेले, घरचं मैदान, थंडी, त्यांचा डिफेन्स सगळ्यात भीतीदायक. डॅलस वाइल्ड कार्डने, म्हणजे गट न जिंकता, आत आलेली, कोच तोच टॉम लँड्री जो १९५८ ला जायंट्सच्या बाकावर होता. तारीख तीच, माणूस तोच, सतरा वर्षांनी.

व्हायकिंग्स १४-१० ने पुढे. दोन मिनिटांच्या आत वेळ राहिलेला. डॅलसचा बॉल स्वतःच्या २५ यार्डावर, चौथा डाउन, १६ यार्ड हवेत. सगळे बोलतात ते पुढच्या पासबद्दल, पण माझ्यासारख्या माणसाला ही खेळी जास्त महत्त्वाची वाटते. डॅलसचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाकने ड्रू पीअरसनला साइडलाइनवर पास टाकला, मैदानाच्या मध्यावर. पीअरसनने उडी मारून पकडला आणि खाली आला तो रेषेबाहेर. व्हायकिंग्सचं म्हणणं, बाहेर आहे, संपलं. ऑफिशियलचं म्हणणं, व्हायकिंग्सच्या नेट राइटने त्याला हवेत ढकललं, नाहीतर तो आतच उतरला असता, म्हणून कॅच धरला.

याला फोर्स-आउट म्हणायचे. तेव्हाच्या नियमात अशी सोय होती की हवेत बॉल पकडलेल्या खेळाडूला समोरच्याने बाहेर ढकललं, आणि ऑफिशियलला वाटलं की तो ढकलला नसता तर आत पडला असता, तर कॅच द्यायचा. आपल्याकडच्या क्रिकेटमधल्या एलबीडब्ल्यूसारखंच झालं, पॅड मध्ये नसतं तर बॉल कुठे गेला असता हे अंपायरने मनात बघायचं. हा नियम डोक्यात ठेवा, पुढे परत येतोय.

तर बॉल आला ५० यार्डावर. एक पास वाया गेला. ३२ सेकंद राहिले. स्टॉबाकने आधी दुसऱ्या बाजूला पास टाकायचा आव आणला, त्यामुळे व्हायकिंग्सचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे राहून राखण करणारा, पॉल क्राउझ क्षणभर तिकडे ओढला गेला, आणि मग उजवीकडे होता नव्हता तेवढा जोर लावून लांब टाकला. पास थोडा आखूडच पडला. पीअरसन थांबून मागे वळला, नेट राइट पडला, बॉल पीअरसनच्या हातातून निसटून कंबरेपाशी अडकला, तसाच धरून तो एंड झोनमध्ये. २४ सेकंद राहिले असताना डॅलस १७-१४.

राइट पडला कसा? व्हायकिंग्स म्हणाले ढकलला. पीअरसन पन्नास वर्षं म्हणतोय नाही ढकलला. फ्लॅग पडला नाही. त्याच वेळी प्रेक्षकांतून एक संत्रं मैदानात आलं आणि काहींना वाटलं तोच फ्लॅग. मी ती फिल्म पुष्कळदा थांबवून थांबवून पाहिली आहे आणि माझं मत विचाराल तर हात लागलाय, पण दोघंही बॉलकडे वळताना एकमेकांना भिडलेत, आणि जिथे दोघंही बॉलसाठी जातायत तिथे भरधाव वेगात मी तरी फ्लॅग टाकला नसता. हात लागणं म्हणजे फाउल नाही. हात लांब करून, ढकलून, जागा केली तर फाउल. हा फरक कॅमेऱ्यात स्लो मोशनला सोपा वाटतो, मैदानावर तो अर्ध्या सेकंदात करायचा असतो. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी वादाचा फायदा व्हायकिंग्सनाही मिळाला होता, त्यांचा पहिला टचडाउन ज्या पंटनंतर आला तो बॉल डॅलसच्या खेळाडूला लागला की नाही यावरही भांडण झालंच होतं. ते कोणाला आठवत नाही.

पुढे जे झालं ते वाईट झालं. व्हायकिंग्सच्या अॅलन पेजने आरडाओरडा करून पेनल्टी ओढवून घेतली, आणि प्रेक्षकांतून आलेली व्हिस्कीची बाटली फील्ड जज, म्हणजे ऑफिशियल्सपैकीच एक, आर्मेन टर्झियनच्या कपाळावर बसली. रक्तबंबाळ झाला माणूस, डोक्याला पट्टी बांधून त्याला बाहेर न्यावं लागलं, टाके पडले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत पासबद्दल जेवढं आलं तेवढंच याबद्दलही यायला हवं होतं असं मला वाटतं. आमच्या लोकल लेव्हलला नव्या ऑफिशियल्सना शिकवताना मी हे नाव आवर्जून घेतो, मॅच संपली की कुठून कसं बाहेर पडायचं हे आधी ठरवून ठेवा हेही सांगतो.

आणि त्याच दिवशी, तो सामना टीव्हीवर बघत असताना, व्हायकिंग्सचा क्वार्टरबॅक फ्रॅन टार्केंटनचे वडील जॉर्जियात हार्ट अटॅकने गेले. त्याला सामना संपल्यावर कळलं. एका माणसासाठी २८ डिसेंबर म्हणजे काय असेल, याच्यापुढे टचडाउन आणि फ्लॅग सगळं लहान.

सामना झाल्यावर स्टॉबाकने पत्रकारांना सांगितलं की मी डोळे मिटले आणि हेल मेरी म्हटलं, तो कॅथलिक आहे, ती त्यांची प्रार्थना. कॉलेज फुटबॉलमध्ये हे आधीही म्हणायचे पण त्या दिवसापासून अख्ख्या देशात शेवटच्या क्षणाच्या लांब पासला तेच नाव पडलं. डॅलस पुढे सुपर बोलपर्यंत गेली आणि पिट्सबर्गकडून २१-१७ ने हरली. पीअरसनला हॉल ऑफ फेममध्ये यायला २०२१ उजाडलं, इतका उशीर का केला ते मला आजही समजलेलं नाही.

लोक विचारतात की आज असं झालं तर रिप्लेत बघता येईल का? एनएफएलमध्ये रिप्ले १९८६ ला आला, १९९१ नंतर बंद केला, १९९९ ला परत आणला. पण पास इंटरफिअरन्स, म्हणजे ढकलाढकली, त्यात बघता येत नाही. फक्त २०१९ च्या एका सीझनला करून पाहिलं, कारण त्या जानेवारीत सेंट्स आणि रॅम्सच्या सामन्यात ढळढळीत फाउल सुटला होता, आणि एका वर्षात सगळ्यांना कळलं की हे जमत नाही, काढून टाकलं. म्हणजे पीअरसनचा तो पास आजही मैदानावरच्या माणसाच्या डोळ्यांवरच राहिला असता.

कॅलेंडरचं एक बघा. तारीख आणि वार दर २८ वर्षांनी तसेच्या तसे परत येतात. १९४७ ला २८ डिसेंबर रविवार, १९७५ ला रविवार, २००३ ला रविवार. आणि २००३ ला परत व्हायकिंग्स!

२८ डिसेंबर २००३, अॅरिझोनातलं टेंपी, सीझनचा शेवटचा दिवस. व्हायकिंग्सने तो सीझन सलग सहा जिंकून सुरू केला होता, आता जिंकले की गट जिंकणार, हरले की घरी. समोर अॅरिझोना कार्डिनल्स, १५ पैकी ३ जिंकलेली टीम. व्हायकिंग्स १७-६ ने पुढे, दोन मिनिटांच्या आत वेळ. कार्डिनल्सने एक टचडाउन केला, मग ऑनसाइड किक म्हणजे मुद्दाम आखूड मारलेली किक स्वतःच उचलली, आणि शेवटची खेळी उरली, चौथा डाउन, २५ यार्ड हवेत, बॉल २८ यार्डावर. जॉश मॅकाउनने एंड झोनच्या कोपऱ्यात टाकला, नेथन पूलने हवेत पकडला, एक पाय आत पडला, दुसरा पडायच्या आधी व्हायकिंग्सच्या दोघांनी त्याला बाहेर ढकललं. एनएफएलमध्ये दोन्ही पाय आत लागतात, हायस्कूल आणि कॉलेजला एकच पुरतो. पण ऑफिशियलने दोन्ही हात वर केले, टचडाउन. कारण? फोर्स-आउट. तोच नियम जो १९७५ ला चौथ्या डाउनला व्हायकिंग्सच्या विरुद्ध गेला होता. वेळ संपली, १८-१७.

तिकडे दीडेक हजार मैलांवर ग्रीन बे मध्ये त्याच गटातले पॅकर्स डेन्व्हरला ३१-३ ने धुवत होते पण त्यांचं नशीब अॅरिझोनाच्या हातात होतं, आणि ती बातमी आली तेव्हा त्यांच्या मैदानावर, लॅम्बो फील्डवर, जो आवाज झाला तो ऐकण्यासारखा आहे. पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्हरचे वडील एकच आठवडा आधी वारले होते, त्यामुळे त्या गावाला तो सगळा काळच वेगळा वाटत होता. पूलला नंतर ग्रीन बे ने पाहुणा म्हणून बोलावलं, शहराची किल्ली दिली, अॅरिझोनाच्या खेळाडूला! आणि कार्डिनल्सचा कोच डेव्ह मॅगिनिस, ज्याच्या टीमने हा पराक्रम केला, त्याला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. निर्दय धंदा आहे.

फोर्स-आउटचा नियम एनएफएलने २००८ ला रद्द केला. माझ्या मते योग्य केलं. माणूस कुठे पडला असता यापेक्षा कुठे पडला हे बघणं जास्त प्रामाणिक आहे, आणि ऑफिशियललाही ते करता येतं. नवीन नियमाने बघितलं तर पूलचा टचडाउन नाही. पीअरसनचा चौथ्या डाउनचा कॅचही नाही, म्हणजे हेल मेरीपर्यंत गोष्ट पोचलीच नसती. व्हायकिंग्सच्या चाहत्यांनी यावर काय म्हणावं हे मी सांगू शकत नाही.

त्याच कार्डिनल्सबद्दल: १९४७ ची फायनल जी मी वर म्हटली ती त्यांनीच जिंकली होती, तेव्हा ते शिकागोत होते, कोमिस्की पार्क, फिलाडेल्फिया ईगल्सवर २८-२१. मैदान बर्फाने कडक झालेलं, कार्डिनल्स रबरी तळाचे साधे बूट घालून खेळले आणि ईगल्सनी आपल्या बुटांच्या खिळ्यांना कानस मारून धार केली होती ती ऑफिशियल्सनी पकडली, पेनल्टी दिली, बूट बदलायला लावले. एल्मर अँग्समनने ७० यार्डांचे दोन टचडाउन केले, चार्ली ट्रिपीने ७५ यार्डांवरून पंट परत आणला. त्यानंतर कार्डिनल्स शिकागोतून सेंट लुइसला गेले, मग अॅरिझोनाला, पण लीगचं विजेतेपद आजपर्यंत परत मिळालेलं नाही.

डेट्रॉइट लायन्सचं तर याहून जास्त लागतं मनाला. २८ डिसेंबर १९५२ ला त्यांनी क्लीव्हलंडमध्ये जाऊन ब्राउन्सना १७-७ ने हरवून फायनल जिंकली, बॉबी लेन आणि डोक वॉकरची टीम, वॉकरचा ६७ यार्डांचा टचडाउन. लायन्सच्या सुवर्णकाळाची सुरुवात. बरोबर ५६ वर्षांनी, २८ डिसेंबर २००८, ग्रीन बे मध्ये ३१-२१ ने हरून तीच टीम ०-१६ झाली, १६ सामन्यांच्या सीझनमध्ये एकही न जिंकणारी पहिली टीम. त्या दिवशी चौथ्या क्वार्टरपर्यंत ते सामन्यात होते हे विसरू नका. इतक्या पराभवानंतर डिसेंबरच्या थंडीत, काहीही मिळणार नसताना, ती पोरं लढत होती, आणि मी हायस्कूलच्या मुलांना हाच सामना सांगतो, जिंकलेले नाही.

त्याच २००८ च्या दिवशी इकडे आमच्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफोर्डला, मायामी डॉल्फिन्सनी जेट्सना २४-१७ ने हरवलं. आदल्या वर्षी १-१५ असलेली टीम ११-५ होऊन गट जिंकली, आणि क्वार्टरबॅक कोण तर चॅड पेनिंग्टन, ज्याला जेट्सनी फाव्हर आला म्हणून त्याच उन्हाळ्यात सोडलं होतं. समोर फाव्हरच. बाकी त्या दिवसाचं मी सोडून देतो, बरंच आहे.

कोणी विचारेल की आता २८ डिसेंबरला असं का होत नाही. कारण सीझनच लांबला. १९७८ पासून १६ सामने, २०२१ पासून १७, त्यामुळे आता फायनल फेब्रुवारीत आणि २८ डिसेंबर हा साखळीतलाच एक दिवस. २०२५ ला रविवारच होता, पुढचा येईल २०३१ ला. आणि गिफर्डच्या त्या काही इंचांचं म्हणाल तर २०२५ पासून एनएफएलमध्ये फर्स्ट डाउनचं अंतर चेनऐवजी हॉक-आयच्या कॅमेऱ्यांनी मोजतात, क्रिकेटवाल्यांना हे नाव माहीत आहेच. पण कॅमेरा फक्त अंतर मोजतो, बॉल कुठे ठेवायचा ते अजूनही माणूसच ठरवतो. म्हणजे १९५८ चा मूळ प्रश्न जसाच्या तसा आहे.

बघायचं असेल तर आधी १९७५ चा शेवटचा ड्राइव्ह, म्हणजे सलग खेळ्यांची ती मालिका, बघा, पूर्ण, फक्त तो एक पास नाही, चौथ्या डाउनपासून. मग २००३ चा शेवट, त्यात व्हायकिंग्सच्या रेडिओवाल्याचा आवाज ऐका. १९५८ चं मूळ टीव्ही प्रक्षेपण पूर्ण असं सापडत नाही, तुकड्यांतली फिल्म आणि रेडिओची कॉमेंट्री जोडून केलेलं मिळतं, तेच बघा, पण तिसऱ्या क्वार्टरमधला गोल लाइनवरचा तो डिफेन्स गाळू नका.